सोडतीत नंबर लागला म्हणजे देव प्रसन्न?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने जाता जाता ख्रिस्ती धर्माबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. पत्राचा मूळ विषय वेगळाच होता. पण त्यांचे म्हणणे असे, की ख्रिस्ती लोकांत ज्याचे बरे चालले आहे तो देवाचा लाडका, आणि ज्याचे हाल चालले आहेत त्याचे कुठेतरी चुकलेले, असा सरळ हिशेब असतो. ‘आमच्याकडे निदान पूर्वजन्मावर तरी ढकलता येते,’ अशी कोपरखळीही होती.

मी ऐरोलीत राहते. वय 67. सरकारी रुग्णालयात 33 वर्षे परिचारिका होते. जन्माने ख्रिस्ती, आणि नुसती जन्माने नव्हे. ती दोन वाक्ये वाचून आधी रागच आला. उत्तर लिहायला बसले, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. त्या गृहस्थांनी हे मनाने रचलेले नाही. त्यांनी ते आमच्याचकडून कुठेतरी ऐकले असणार. स्टेशनबाहेर वाटलेल्या पत्रकावर वाचले असेल, मोबाइलवर आलेल्या एखाद्या प्रवचनात ऐकले असेल. आणि मी स्वतः हेच भर मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, उभी राहून बोललेली आहे.

आमच्या उपासनेत ‘साक्ष’ देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केले, ते उठून सगळ्यांसमोर सांगायचे. चांगली पद्धत आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. 1995 साली सिडकोच्या सोडतीत आमचा नंबर लागला. तोवर आम्ही चौघे कळव्याला दहा बाय बाराच्या खोलीत होतो. पाण्याला रात्री दोन वाजता उठावे लागे, आणि रात्रपाळी करून आले की शेजारच्या मशीनच्या घरघरीत झोपायचे. पत्र हाती आले त्याच्या पुढच्या रविवारी मी नवी साडी नेसून उभी राहिले आणि सांगितले, की आम्ही कधी कोणाचा पैसा खाल्ला नाही, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला) चुकवला नाही, देवाने आमच्या प्रामाणिकपणाचे फळ दिले. मंडळीने ‘आमेन’ म्हटले. पाळकसाहेबांनी हात मिळवला.

बाहेर चपला घालताना आमच्याच मंडळीतली एक बाई जवळ आली. एका शाळेत शिपाई होती, विधवा, पदरात दोन मुली. तिनेही अर्ज भरला होता. भरला होता म्हणजे मीच भरून दिला होता. माझे अक्षर बरे म्हणून. अनामत रक्कम तिने बांगड्या मोडून उभी केली होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “सिस्टर, तुमचं चांगलं झालं, आनंद वाटला. पण मग माझी चिठ्ठी निघाली नाही, ते कशाचं फळ?”

तिचा टोमणा नव्हता. तिला खरेच विचारायचे होते. मी काहीतरी बोलले. ‘देवाची वेळ असते,’ असे काहीतरी. रिक्षा आली आणि मी सुटले.

तीस वर्षे झाली, तो प्रश्न सुटलेला नाही. म्हणून हे पत्र. त्या वाचकांना उत्तर द्यायचे तर मला आधी तिला द्यावे लागेल.

आधी कबुली. बायबलमध्ये असा हिशेब अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात मोशे सांगतो, आज्ञा पाळाल तर नगरात आशीर्वादित, शेतात आशीर्वादित, तुमची परडी आणि पीठ मळायची काथवट आशीर्वादित. अब्राहाम चांगला गुराढोरांचा धनी होता. 37व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, पण नीतिमान माणूस टाकून दिलेला आणि त्याची मुले भीक मागताना मी कधी पाहिली नाहीत. मला दावीद राजाबद्दल आदर आहे, पण त्याने जनरल वॉर्डात एक रात्रपाळी केली असती तर हे वाक्य लिहिताना तो थबकला असता.

थबकणारा माणूस त्याच स्तोत्रांच्या पुस्तकात पुढे भेटतो. आकडे उलटे करा, 37चे 73 करा. ते आसाफाचे स्तोत्र. तो सांगतो, दुष्टांची भरभराट पाहून माझा पाय घसरायलाच आला होता. त्यांना दुखणे नाही, अंगाने धष्टपुष्ट, इतरांसारखी संकटे त्यांच्या वाट्याला नाहीत. मग मी मन शुद्ध ठेवले ते फुकटच की काय? स्तोत्रे एकत्र करणाऱ्यांनी दोन्ही ठेवली. एकाला खोटे पाडून दुसरे काढून टाकले नाही. आमचे आजचे प्रवचनकार मात्र 37 वाचतात आणि 73 वर आले की पान उलटतात.

मी पारनेर तालुक्यातली. 1972च्या दुष्काळात 14 वर्षांची होते. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, की देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, आणि नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाऊस पाडतो. मुंबईकडे आल्यावर हे वाक्य लोक कसे समजतात ते पाहून मला गंमत वाटली. इथे पाऊस म्हणजे लोकल बंद आणि घरात पाणी. त्यामुळे अर्थ लावतात, संकट सगळ्यांवरच येते. पण ज्या देशात ते बोलले गेले तो आमच्या पारनेरसारखाच पावसाची वाट पाहणारा. तिथे पाऊस म्हणजे देणगी. येशू म्हणतो, देणगी वाटताना देव लायकी पाहत नाही. म्हणजे ज्याच्या शेतात पाऊस पडला त्याने ‘मी नीतिमान’ म्हणून मिशीला पीळ देण्यात अर्थ नाही. बहात्तरला तो कोणावरच पडला नाही, आमच्या चर्चच्या तुकड्यावरही नाही आणि देवळाच्या इनामावरही नाही. पाणी होते ते सावकाराच्या विहिरीला. तो गावात सर्वांत नीतिमान होता असे त्याची बायकोसुद्धा म्हणाली नसती.

आता ईयोब, बायबलमधल्या त्याच नावाच्या पुस्तकाचा नायक. त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, सात मुलगे, तीन मुली, आणि माणूस सरळ. एका दिवसात सगळे जाते, मग अंगभर गळवे येतात. त्याचे तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द बोलत नाहीत. रुग्णाला भेटायला कसे जावे याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. घोटाळा होतो तो तोंड उघडल्यावर. निरपराध माणसाचा कधी नाश झाला आहे का, आठवून पाहा, असे एलीफज म्हणतो. बिल्दद तर सांगतो, तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून ती गेली. ज्याने दहा लेकरे पुरली त्याला! पुढे कित्येक अध्याय हेच चालते, वेगवेगळ्या शब्दांत. आणि 42व्या अध्यायात देव एलीफजाला म्हणतो, मी तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर संतापलो आहे, कारण माझा सेवक ईयोब बोलला तसे यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत. ईयोबाने तर देवाला फैलावर घेतले होते. मित्रांनी देवाची बाजू मांडली होती. तरी निकाल हा.

आमच्याकडे लगेच कोणीतरी म्हणते, शेवटी त्याला दुप्पट मिळालेच की. मिळाले. मेंढरे चौदा हजार, उंट सहा हजार. पण मुले पुन्हा सात आणि मुली पुन्हा तीन. ती दुप्पट झाली नाहीत. प्रसूतिकक्षात मी सात वर्षे काढली आहेत. एक मूल गेलेल्या बाईला दुसरे झाले म्हणून पहिल्याचा हिशेब मिटला, असे मी एकदाही पाहिलेले नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. चांगुलपणा आणि सुखवस्तूपणा यांची ही सांगड त्या पुस्तकात सर्वांत आधी कोण घालतो? सैतान. पहिल्याच अध्यायात तो देवाला विचारतो, ईयोब तुझे भय फुकट बाळगतो काय? तू त्याच्याभोवती कुंपण घातलेस, त्याच्या हाताला यश दिलेस; ते काढून घे आणि मग बघ. सैतानाचे म्हणणे एवढेच, की भक्ती ही पगारी नोकरी आहे. 1995 साली नव्या साडीत मी जे बोलले ते याहून फार वेगळे नव्हते.

माझे यजमान ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते. 2003 साली पहाटे बाथरूममध्ये पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढची 11 वर्षे ते त्याच सिडकोच्या घरात, खिडकीजवळच्या पलंगावर होते. मी ड्यूटी करून त्यांचे सगळे करायची. मंडळीतले लोक येत, फळे आणत, प्रार्थना करत. त्यांचे उपकार आहेत. पण एकदा बाहेरच्या कुठल्या प्रार्थना गटातले दोघे आले. चांगले, टापटीप कपड्यांतले. प्रार्थना झाल्यावर त्यांतला एक मला म्हणाला, “सिस्टर, भाऊंच्या आयुष्यात एखादं कबूल न केलेलं पाप असेल. ते शोधा, आजच्या आज उठून बसतील.” हे पलंगापासून दोन हातांवर. पक्षाघाताने वाचा गेली म्हणजे कानही गेले, असे लोकांना का वाटते कोण जाणे. यजमानांनी डाव्या हाताने चादर हळूहळू ओढून तोंडावर घेतली.

मी त्या दोघांना चहा न देता घालवले. आमच्या घरात असे पहिल्यांदाच झाले.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, गुरुजी, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. एवढे स्वच्छ उत्तर दिलेले असताना दोन हजार वर्षांनी ऐरोलीच्या सेक्टरमध्ये तोच प्रश्न घेऊन दोन माणसे जिना चढून येतात.

दुसरे एक उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. येशू विचारतो, यरुशलेमेत राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ती अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय? मुळीच नाही. आणि लगेच बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो: पश्चात्ताप तुम्ही करा. 4 एप्रिल 2013ला आपल्याच जिल्ह्यात शीळ फाट्याला बेकायदा बांधलेली इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. पुष्कळशी मजूर, पुष्कळशी लहान मुले. त्या रविवारी चर्चबाहेर एक गृहस्थ म्हणाले, असल्या जागी राहायला जायचेच कशाला. शिलोह आणि शीळ ही नावे कानाला सारखी लागतात, हा नुसता योगायोग. पण त्या दिवसापासून तो अध्याय मी त्या जखमींचे चेहरे टाळून वाचू शकत नाही. पश्चात्ताप करण्याजोगे कोण होते? सिमेंटमध्ये वाळू वाढवणारे आणि डोळे मिटून घेणारे. ढिगाऱ्याखालचे नव्हेत.

हा ‘सुख म्हणजे पसंतीची पावती’ प्रकार आला कुठून, असे माझा भाचा विचारतो. तो समाजशास्त्र शिकलाय. तो मॅक्स वेबरचे नाव घेतो: या जर्मन अभ्यासकाने 1904-05 मध्ये मांडले, की सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या धर्मसुधारकाच्या पंथातले लोक आपण देवाने निवडलेले आहोत की नाही या धास्तीत असत, आणि धंद्यातल्या यशात त्याची खूण शोधू लागले. असेल. खुद्द कॅल्विनचे लेकरू जन्मून थोड्याच दिवसांत गेले, 1549 साली बायको गेली, आणि त्याला मुतखड्यापासून सांध्यांपर्यंत सगळी दुखणी होती. त्याने आपल्या आयुष्यात कोणती खूण शोधायची होती?

आजकालच्या मोबाइलवरच्या प्रवचनांचे मूळ मात्र जवळचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओरल रॉबर्ट्ससारख्या रेडिओ-टीव्हीवरच्या प्रचारकांनी ‘विश्वासाचे बीज’ ही कल्पना रुजवली. पैसे अर्पण करा, ते बी आहे, देव पीक देईल. तीच भाषा आता मराठीत आली आहे. खाली यूपीआयचा चौकोन असतो. शेतकऱ्याच्या मुलीला हे ऐकून हसावे की रडावे कळत नाही. पेरले की उगवतेच, हे म्हणणारा माणूस कधी दुबार पेरणीला उभा राहिलेला नाही. आणि सगळ्या ख्रिस्ती लोकांनी हे मान्य केले आहे असेही कोणी समजू नये. 2010 साली केपटाउनला जगभरच्या इव्हँजेलिकल (शुभवर्तमानाच्या प्रचारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळ्यांची मोठी परिषद भरली होती. तिच्या निवेदनात ही समृद्धीची शिकवण बायबलचा विपर्यास करणारी म्हणून नाकारली आहे.

मला या शिकवणीचा राग येतो त्याचे घरगुती कारणही आहे. आमच्या आजोबांना गावात आयुष्यभर ऐकावे लागले, की हे पोटासाठी ख्रिस्ती झाले. आजोबा संतापत. म्हणत, पोटासाठी झालो असतो तर मिशनने धान्य बंद केले त्या दिवशी परत गेलो असतो. आणि ख्रिस्ती राहण्याची किंमत होती. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. माझ्या धाकट्या भावाचा प्रवेश असाच गेला. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात दुसरे काही लिहायचे असे शेजाऱ्यांनी सुचवले होते. वडिलांनी लिहिले नाही. भावाने पुढे टेम्पो चालवला. वडिलांच्या नीतिमत्त्वाला फळ आले नाही, उलट त्याचे बिल मुलाने भरले. आता आमच्याच व्यासपीठावरून कोणी सांगू लागला, की येशूकडे या, फ्लॅट मिळेल, गाडी मिळेल, तर आजोबांना टोमणे मारणारेच खरे ठरले की!

पंडिता रमाबाईंचे काय करायचे मग? आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा. ख्रिस्ती झाल्या 1883 मध्ये, त्यानंतर तरी सुख यावे. तर आपल्याच लोकांनी झोडपले. केडगावला दुष्काळातल्या पोरी गोळा करून सांभाळल्या, बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या, आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. पुढच्या वर्षी त्या स्वतः. त्या दोन टापटीप गृहस्थांनी केडगावला जाऊन बाईंना कबूल न केलेल्या पापाविषयी विचारायला हवे होते. बाईंनी त्यांना मूळ हिब्रूतला ईयोब वाचून दाखवला असता.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय आमच्याकडे पाठ असतो. विश्वासाने कोणी राज्ये जिंकली, कोणी सिंहांची तोंडे बंद केली. इथपर्यंत आवाज चढवून वाचतात. पण 35व्या ओवीच्या मध्यात ‘दुसरे कित्येक’ असे शब्द येतात, आणि पुढे फटके, बेड्या, धोंडमार, करवतीने चिरलेले, मेंढरांची कातडी पांघरून डोंगरातून भटकणारे. या सगळ्यांना, वाचलेल्यांना आणि चिरलेल्यांना, लेखक एकाच यादीत बसवतो. तलावपाळीला सेंट जॉन चर्चवरून जाताना मला ते ‘दुसरे कित्येक’ आठवतात. याच ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. चीनकडे निघाले होते, इथे अडकले. सोडतीत कोणाचाच नंबर लागला नाही.

म्हणजे सुखात राहणे पाप का? मुळीच नाही. मला माझे घर आवडते. खिडकीतून खाडीकडचा वारा येतो, फ्लेमिंगोंच्या दिवसांत नातू दुर्बीण घेऊन बसतो. देवाचे आभार मी रोज मानते. आभार मानणे वेगळे आणि गुणपत्रिका वाचून दाखवणे वेगळे. मी 1995 साली दुसरे केले. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, स्मुर्णा शहराच्या गरीब मंडळीला प्रभू म्हणतो, तू श्रीमंत आहेस, आणि लावदिकीयाच्या संपन्न मंडळीला म्हणतो, तू कंगाल, आंधळी आणि उघडी आहेस, हे तुला ठाऊकच नाही. आमची ठाण्याची मंडळी यांतली कोणती, हे मला सांगता येणार नाही. पार्किंगला जागा पुरत नाही एवढे खरे.

मागच्या महिन्यात एका तरुणाने घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर घर घेतल्याची साक्ष दिली. पोरगा गुणी आहे, कष्टाळू आहे. पण वाक्य माझेच होते, शब्दन् शब्द. शेवटच्या बाकावर एक जण बसला होता, ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते. मी मागे वळून पाहिले नाही. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना सुचवले, की साक्ष द्यायला ज्यांच्या प्रार्थनेचे उत्तर अजून आलेले नाही त्यांनाही उभे करा. त्यांनाही सांगण्यासारखे असते. ते म्हणाले, “बघू, सिस्टर.” हे ‘बघू’ सरकारी नोकरीत मी पुष्कळ ऐकले आहे.

ती शिपाई बाई अजून दिघ्याला भाड्याच्या खोलीत राहते. मुली शिकल्या, एक परिचारिकाच झाली आहे. यजमान आजारी असताना ती दर शनिवारी येऊन दोन तास त्यांच्याजवळ बसायची, म्हणजे मला बाजार करता यावा. बोलायची नाही फारसे. त्या रविवारचा विषय ना तिने कधी काढला, ना मी. ती हाच पेपर घेते. पत्र छापून आले तर कात्रण नेऊन द्यायचा माझा विचार होता, पण मग वाटले, तिने ते आधीच वाचलेले असेल. नुसतीच जाईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ऐरोली, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)